मापासाठी उभा माणूस

कुणाचाही फोटो काढण्याआधी मृणाली त्याचं नाव विचारायची. ते डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहायची आणि वहीत उतरवेपर्यंत तो हात धुवायची नाही. तारीख विचारली तर तिथी सांगायची. बांधावर चढताना चपला काढून कॅमेऱ्याच्या पिशवीला अडकवायची. कुणाच्या घरी गेली की आधी भिंतीवरचे फोटो बघायची, मग माणसं. ‘ते बघ’ म्हणताना बोट दाखवायची नाही, हनुवटी उचलायची. खोटं बोलायची वेळ आली की गप्प बसायची. तेवढंच तिचं खोटं.

आठ वर्षांत मी तिला उघडपणे खोटं बोलताना एकदाच ऐकलं. तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होते.

हे सगळं मी भूतकाळात लिहिते आहे. मृणाली जिवंत आहे. अंजूरला तिच्या घरी राहते. पण वर लिहिलेल्यातलं ती आता काहीच करत नाही.

आमची ओळख भिवंडीच्या कॉलेजातली. मी मराठी साहित्य घेतलं होतं. ती कॉमर्सला होती आणि कॉलेज सुटलं की एका स्टुडिओत कामाला जायची. हळदी, साखरपुडे, बारशी. अंजूर, काल्हेर, कशेळी, जिथे बोलावतील तिथे. हळदीत डीजेच्या समोर उभं राहून दोनशे माणसांत नवरदेवाची आई शोधून काढायची. स्टुडिओचे मालक म्हणायचे, हिला डोळा आहे. ती म्हणायची, डोळा सगळ्यांना असतो, मी थांबते एवढंच.

मग मुंबईतल्या एका संस्थेत छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे असं तिला कळलं. दोन वर्षांचा. प्रवेश मिळाला तेव्हा तिचे वडील केसरीनाथकाका ओट्यावर जाळं विणत होते. मी तिथेच होते.

“दोन वर्सं? फोटो काढाला?” त्यांनी विचारलं.

“काढायला नाही, बाबा. का काढतो ते शिकायला.”

“का काढतो म्हंजे? लोकं बोलावतान म्हणून.”

“आणि नाही बोलावलं तर?”

काकांनी जाळ्यातून मान वर केली. “मंग जाव नये,” ते म्हणाले आणि हसले. त्यांना ती जे करील ते आवडायचं. त्या दोघांचं तसंच होतं.

पहिल्या वर्षी तिला वाचायलाच खूप होतं. सगळं इंग्रजीत आणि जड. दर रविवारी ती ब्राह्मण आळीत आमच्या घरी यायची. आम्ही माळ्यावर बसून एकेक परिच्छेद फोडायचो. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू असायचे, त्यामुळे एकमेकींना वाचून दाखवताना ओरडावं लागायचं. बघणाऱ्याचा बघितलेल्यावर काय अधिकार असतो. फोटो कुणाचा, काढणाऱ्याचा की ज्याचा काढला त्याचा. पुरावा कशाला म्हणायचं. मला ती चर्चा आवडायची, कारण माझं त्यात काही जाणार नव्हतं. तिच्यासाठी मात्र ते हळदीच्या त्या दोनशे माणसांबद्दल होतं. एकदा म्हणाली, “रुचे, मी आजवर किती जणांना न विचारता काढलंय.” त्या आठवड्यापासून तळहातावर नावं यायला लागली.

त्याच वाचनात एक लेख होता, इंग्रजांच्या काळात पाहणीसाठी काढलेल्या फोटोंवर. लेण्यांचे, देवळांचे, धरणांचे फोटो. प्रत्येक फोटोत खांबापाशी एक माणूस उभा. खांब केवढा आहे ते कळावं म्हणून. उघडा, धोतर नेसलेला, कॅमेऱ्याकडे बघणारा. खाली खांबाची उंची दिलेली. माणसाचं नाव नाही.

मृणाली त्या पानावर बराच वेळ थांबली.

“याला काय सांगितलं असेल?” तिने विचारलं. “हलू नको?”

तिथून तिचं काम ठरलं.

अंजूरच्या खाडीकडच्या बाजूला जुना बांध आहे. आत कधीकाळी भात व्हायचं. मग ते सुटलं, बांधातून खारं पाणी येत-जात राहिलं आणि आत तिवरं वाढली, भरतीच्या पाण्यावर जगणारी झाडं. दाट, माणसाच्या दीडपट. बांधाला एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार. लाकडी फळ्या खाचेत टाकल्या की बंद, उचलल्या की उघडी. ही उघाडी केसरीनाथकाका बघायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील बघायचे. गावात दुसऱ्या कुणाला त्यात रस नव्हता.

मृणालीने ठरवलं की एकाच जागेवरून, दर पौर्णिमेला, भरतीच्या वेळी एक फोटो काढायचा. पौर्णिमेची भरती तिथे दुपारी एक-दीडला येते. घड्याळ आणि तारीख लिहायची नाही, तिथी लिहायची, कारण खाडी तिथीवर चालते. आणि मापासाठी माणूस उभा करायचा, पण नावासकट. तिचे वडील. हातात बांबू, त्यावर हात-हात अंतरावर लाल पट्टे. फोटोखाली मजकूर: उभे आहेत केसरीनाथ हिराजी तरे, उघाडीचे राखणदार. चैत्र पौर्णिमा. भरती पूर्ण.

हा मजकूर मी तपासून दिला. ‘राखणदार’ हा शब्द माझा. तिने ‘उघाडी बघणारे’ लिहिलं होतं.

पाच-सहा वेळा मीही गेले. कॅमेऱ्याची तिवई धरायला. काका दर वेळी धुतलेला शर्ट घालून यायचे. गुडघाभर पाण्यात उतरायचे, बांबू रोवायचे आणि ताठ उभे राहायचे. तिची परवानगी मिळेपर्यंत हलायचे नाहीत. निवट्या, चिखलातले छोटे मासे, पायाशी उड्या मारायच्या.

“काय गो बाईंचे पोरी,” ते मला म्हणायचे. माझी आई शाळेत शिक्षिका, म्हणून. “तुझी मैतरीण मना देवळातला खांब समजतंय.”

“खांब नाही, बाबा. खांबाजवळचा माणूस.”

“त्याला काय देतान?”

“नाव देतात.”

“नाव तं माझ्याकं हाय.”

आश्विनापर्यंत असं चाललं. मग कार्तिकी पौर्णिमेला आम्ही पोचलो तेव्हा आत पाणी नव्हतं. खाडीत भरती होती, बांधाच्या बाहेर पाणी तटाला लागलं होतं. आत चिखल. उघाडीच्या फळ्या खाली होत्या.

“बांधाचं काम काढलाय,” काका म्हणाले. “आज पाय भिजणार न्हाय.”

आम्ही हसलो. दर वर्षी दिवाळीनंतर बांधाची डागडुजी होतेच. तिने फोटो काढला. मार्गशीर्षात पुन्हा चिखल. काम लांबलं असेल. पौषात भेगा होत्या. तिवरांची पानं पिवळी दिसत होती, पण हिवाळा होता. माघात पानं नव्हती. एकेका महिन्याला एकेक कारण होतं आणि ती आम्हीच शोधली होती. काका कारण सांगायचे बंद झाले होते, हे मला आता आठवतं. ते येत होते, बांबू रोवत होते, उभे राहत होते. धुतलेला शर्ट घालून.

माघानंतर वार्षिक प्रदर्शन होतं. अकरा फोटो मोठे करून घेतले. मी तिच्याबरोबर संस्थेत गेले. तिच्या मार्गदर्शक विद्युल्लता मॅडमनी ते जमिनीवर ओळीने मांडायला सांगितले. मॅडम बारीक चणीच्या, मृदू बोलणाऱ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या आणि आठव्यापाशी थांबल्या.

“अकराही भरतीचेच ना?”

“हो, मॅडम.”

“मग या चारांत पाणी कुठे आहे?”

“उघाडी बंद आहे,” मृणाली म्हणाली. “फळ्या खाली आहेत.”

“चार महिने?”

मी ओळीकडे बघितलं. सुटे बघितलेले फोटो एकत्र बघितल्यावर ते झाडांचे राहिले नव्हते. अकरा वेळा तोच माणूस, तोच बांबू. त्याच्याभोवती जंगल मरत होतं आणि तो हलत नव्हता.

“फळ्या कोण टाकतं?” मॅडमनी विचारलं.

मृणालीने डावा तळहात उघडला आणि मिटला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

“गावातलं कुणीतरी,” ती म्हणाली. नाव तिने सांगितलं नाही.

मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, हे चार काढून टाकलेस तर उरलेले सात खोटे ठरतील. मीही तेच म्हटलं. रिक्षात, परत येताना. तत्त्व म्हणून.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं. मी ओट्यावर होते. त्यांनी लपवलं नाही.

“मितेशनं सांगलंय. फळ्या खाली ठेव, काका. तिवरं उभी हान तोपावेतो तिथं काय होव देणार न्हाय सरकार. सुकली का भराव टाकाला मोकळी.”

मितेश तिचा चुलतभाऊ. खाडीकडच्या जमिनी गोडाऊनवाल्यांना मिळवून द्यायचं काम करायचा.

“आणि तुम्ही टाकल्या?”

“टाकल्या.”

“आणि मग येऊन उभे राहिलात? माझ्यासमोर?”

काका म्हणाले, “तुना फोटो पायजे होता. मी उभा रायलो. फळ्या कोनी टाकल्या, तुना कवा इचारला न्हाय.”

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

तिने चारही फोटो लावले. मी तिला अडवलं नाही. तिचं म्हणणं असं होतं की फोटोत आरोप नाही. नाव आहे, तिथी आहे, भरती आहे. कुणाला काही वाचायचं असेल तर वाचू दे. आपण लपवायचं नाही. मला वाटतं, तिच्या मनात असंही होतं की मुंबईतल्या त्या पांढऱ्या खोलीतून अंजूरला कुणी येत नाही.

आलं. प्रदर्शन संस्थेच्या वेबसाइटवर गेलं. खाडीकिनाऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका गटाने ते बघितलं. त्यांच्यातल्या कुणाला तरी तिथी वाचता येत होती. पौर्णिमा, भरती पूर्ण आणि आत कोरडं. यापेक्षा स्वच्छ पुरावा त्यांना कधी मिळाला नव्हता, असं त्यांनी तक्रारीत लिहिलं. सोबत चार फोटो. प्रत्येकाखाली माझ्या शुद्धलेखनात काकांचं पूर्ण नाव. उघाडीचे राखणदार.

मितेश एकाही फोटोत नव्हता. गोडाऊनवाल्यांचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं.

चौकशीची नोटीस आली त्या दिवसापासून घरासमोर एक पांढरी गाडी उभी राहायला लागली. गाडीत कुणी काही करत नव्हतं. काचा खाली करून दोघं मोबाईल बघत बसायचे. राहीबाईकाकू, मृणालीची आई, त्यांना पहिल्या दिवशी पाणी देऊन आली. गावातलेच कुणी असतील असं वाटून. दुसऱ्या दिवशी तिने दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मितेश स्वतः आला. मोठ्याने हसत, पेढे घेऊन.

“काय फोटोग्राफर मॅडम, माझा पन काढा एक. वाढदिवस आलाय. बॅनरला लागतो.”

“बस,” मृणाली म्हणाली.

“बसाला येळ न्हाय. तुझ्याकडनं एक कागद मागतील. फोटो मीच काढले, काय फेरफार केला न्हाय, असा. तू सही नाय केली तर त्या फोटोंना किंमत न्हाय. वकिलाला इचारलंय मी.”

“फेरफार केलेलाच नाही.”

“कोन बोलतं केलाय?” तो माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही साहित्यवाले. सांगा हिला. लगनात काळ्या नवरीला गोरी करते का न्हाय ही? करते. मंग इथं पानी पुसलं असं बोलाला काय जातं? सगळी दुनिया कॉम्प्युटरवर करते.”

“आणि नाही बोलले तर?” मृणालीने विचारलं.

मितेशने पेढ्याचा बॉक्स उघडून काकांसमोर धरला. काकांनी घेतला नाही. त्याने स्वतः एक खाल्ला.

“तर काय. आत काका जातील. फोटोत तेच हान. मी कुठं हाय? बघ, हाय का मी कुठं?”

तो गेल्यावर काका म्हणाले, “तू खरं सांग, पोरी. मी जातो.” मग विचारलं, “किती दिवस ठेवतान?”

चौकशी वैशाखात झाली. शहरातल्या एका कचेरीत, सकाळी अकराला. टेबलामागचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. तिवरं मेलेली होती, हे कुणीही जाऊन बघू शकत होतं. रोग पडला, असा गोडाऊनवाल्यांचा दावा होता. ती कशाने मेली, कधीपासून, आणि तिथे कोण उभं होतं, हे फक्त त्या चार फोटोंत होतं.

“हे तुम्ही काढलेत?”

“हो.”

“जसे काढले तसेच आहेत?”

मी तिच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर, उपडे होते.

“नाही.”

“म्हणजे?”

“आत पाणी होतं. मी पुसलं. कॉम्प्युटरवर.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “चारही फोटोंतलं?”

“चारही.”

“कशासाठी?”

“परीक्षेसाठी. परिणाम चांगला येतो.”

“मूळ फाइली?”

“नाहीत. डिस्क बिघडली.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना मुली असाव्यात. म्हणाले, “नीट विचार करून सांगा. हे लिहून घेतलं की तुमच्या शिक्षणाचं काय होईल ते कळतंय ना?”

“कळतंय.”

तिने सही केली. अक्षर नेहमीसारखं होतं.

संस्थेने तिचं काम बनावट ठरवलं. पदवी दिली नाही. विद्युल्लता मॅडमनी मला फोन केला. म्हणाल्या, “तू तिथे होतीस. मला फक्त हो की नाही सांग. पाणी होतं का?” मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

तक्रार पुराव्याअभावी मागे पडली. पावसाळ्याआधी भराव सुरू झाला. आता बांधावर डंपर जातो. उघाडीच्या जागी पाईप टाकलाय, त्यातून काही येत-जात नाही. काका घरीच असतात. पौर्णिमेला दुपारी ते घरात आत जाऊन बसतात. ती आणि ते एकमेकांशी नीट बोलतात. जेवलीस का, औषध घेतलंत का. एवढंच बोलतात.

मृणालीला अंबाडी रस्त्याच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी लागली आहे. परत आलेल्या मालाचे फोटो काढायचे. फाटलेलं खोकं, फुटलेला मिक्सर, वापरलेले बूट. दिवसाला तीनशे फोटो. मी एकदा भेटायला गेले होते. ती पट्ट्यावरून येणारी वस्तू बघायचीही नाही. मोबाईल वर धरायची, दाबायची, पुढची. मी विचारलं, कसं वाटतं. म्हणाली, बरं आहे, कुणाला नाव नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कचेरीतून आम्ही सरळ आमच्या घरी आलो होतो. पांढरी गाडी मागोमाग आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. ती माळ्यावर गेली. लॅपटॉप उघडला, पिशवीतून डिस्क काढून जोडली. डिस्क बिघडलेली नव्हती. अकरा फोल्डर होते, महिन्यांच्या नावांनी. कुणी तपासलं असतं तर त्यातल्या शेवटच्या चारांनी दाखवून दिलं असतं की ती थोड्या वेळापूर्वी खोटं बोलली.

मला वाटलं ती तेच चार आधी पुसेल. तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

प्रत्येक फोल्डर उघडत होती. त्यातले सगळे फोटो एकदा बघत होती. एकेका पौर्णिमेचे तीस-चाळीस असायचे. काका पाण्यात उतरताना. काका बांबू रोवताना. काका हसताना. चुकून आलेली माझी सावली. मग पुसत होती. चैत्र. वैशाख. ज्येष्ठ. आषाढात काकांनी डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घातली होती. श्रावण. भाद्रपद. मागे लूम चालू होते.

आश्विन पुसून झाला तेव्हा खाली हॉर्न वाजला. दोनदा. मग मितेशचा आवाज, “चल गो, सोडतो घरी. काका वाट बघतान.”

तिने लॅपटॉप मिटला. डिस्क काढून माझ्या हातात दिली.

“उरलेलं उद्या येऊन करते,” म्हणाली.

तो वैशाख होता. आता मार्गशीर्ष चालू आहे. मध्ये एकदाच तिने विचारलं, अजून आहे का तुझ्याकडे. मी आहे म्हटलं. येते, म्हणाली. मितेशनेही मला रस्त्यात थांबवून विचारलं, हसत, तिचं काही सामान राहिलंय का तुमच्याकडे. मी नाही म्हटलं.

डिस्क माझ्या कपाटात आहे. मी ती जोडून एकदा बघितली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. चारही आहेत.